उजेडाचा अलार्म: घेतला सकाळसाठी, कामाला आला रात्री

बरेच महिने रोज वापरून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे हा बॉक्स उघडून दुसऱ्या दिवशी टाकलेला रिव्ह्यू नाहीये. वस्तू म्हणजे तो गोल दिवा, सनराइज अलार्म म्हणतात किंवा वेक-अप लाइट, तुमच्या उठायच्या वेळेच्या अर्धा तास आधी हळूहळू पेटायला लागतो आणि वेळ झाली की फुल उजेड, सोबत आवाज. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या दिव्यांचं आतलं काम जवळपास सारखंच असतं, माझ्या ज्या तक्रारी आहेत त्याही कुठल्या ना कुठल्या मॉडेलमध्ये सापडतीलच. बॉक्सवर छापलंय की दिवसभर एनर्जी राहील, प्रॉडक्टिव्हिटी वाढेल आणि २१ दिवसांत नवं रूटीन बसेल. त्यातलं किती खरं निघालं ते सांगते.

सकाळचा भाग आधी, कारण घेताना सगळे त्यासाठीच घेतात. पहिली पाच-सात मिनिटं काही कळतच नाही, दिव्याच्या मागच्या भिंतीवर तळहाताएवढा लालसर डाग दिसतो एवढंच, मग तो केशरी होतो, मग पिवळट, आणि शेवटच्या दहाएक मिनिटांत खरा पांढरा उजेड. वरच्या लेव्हल छान सरकत जातात पण अगदी खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर एलईडी उडी मारतो, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला ती उडी बरोबर दिसते. सावध झोप असणाऱ्याला ती पहिली उडीच जागं करेल, म्हणजे अलार्मच्या अर्धा तास आधी. माझी झोप जड आहे म्हणून मला चाललं. सेटिंगमध्ये १० मिनिटांचा सनराइज पण आहे, झोप सावध असेल तर तोच लावा.

लाल रंगापासून सुरुवात का करतात तर निव्वळ सूर्योदयासारखं दिसावं म्हणून नाही बरं का, मिटलेल्या पापणीतून लाल उजेड त्यातल्या त्यात जास्त आत जातो आणि निळा फारच कमी. गंमत अशी की शरीराच्या घड्याळाला खरी जाग आणणारा उजेड निळ्या बाजूचाच, साधारण ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. डोळ्याच्या पडद्यात मेलानोप्सिन नावाचं रसायन असलेल्या काही पेशी असतात, त्यांचं मुख्य काम बघणं हे नाहीच, बाहेर दिवस आहे की रात्र ही बातमी मेंदूतल्या घड्याळाला पोचवणं हे. म्हणजे दिवा झोपेत असताना थोडंसंच काम करतो, डोळे उघडल्यावर जो पांढरा उजेड तोंडावर येतो तो जास्त करतो. म्हणून डोळे उघडल्या उघडल्या दिवा बंद करू नका. मी तो आवरून होईपर्यंत चालूच ठेवते.

आणि फरक पडतो का? हो, पडतो. उठल्यावर डोकं जड, कोणी काही विचारलं तर 'हं'च्या पुढे शब्द फुटत नाही, या अवस्थेला स्लीप इनर्शिया म्हणतात, ती साधारण १५ ते ३० मिनिटं टिकते आणि झोप अपुरी झाली असेल तर अजून लांबते. गाढ झोपेतून दचकून उठवलं की ती जास्त जाणवते. दिव्यामुळे ती गायब झाली असं मी म्हणणार नाही, पण आवाज सुरू होईपर्यंत बहुतेक वेळा मी अर्धवट जागी असते, त्यामुळे दचकणं गेलं, आणि फोनवरचा अलार्म बंद करायच्या निमित्ताने फोन हातात घेणं गेलं, जो माझ्या मते दुसरा आणि मोठा फायदा आहे. पलंगावर फोन हातात आला की तिथेच अर्धा तास जातो, हे सगळ्यांना माहितीये. आता फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो.

आता जागेबद्दल, कारण यावरच निम्मे लोक नाराज होतात. बॉक्सवर लिहिलंय ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), पण ते अर्ध्या मीटरवर. अंतर दुप्पट केलं की उजेड चौपट कमी होतो, हा साधा भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यामुळे दिवा खोलीच्या पलीकडच्या टेबलावर ठेवला तर तुमच्या डोळ्यांपर्यंत जे पोचतं ते नाइट लॅम्पएवढंच. उशीपासून हातभर अंतरावर आणि तोंडाच्या उंचीला हवा. आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून झोपत असाल तर पैसे वाया. 'उजेडच पडत नाही' म्हणून एक स्टार देणाऱ्यांनी आधी दिवा कुठे ठेवलाय ते बघावं.

पण दिवसभर एनर्जी? इथे मात्र कंपनी फारच वाढवून सांगते. ढगाळ दिवशीसुद्धा घराबाहेर हजारो लक्स उजेड असतो, लख्ख उन्हात तर लाखाच्या घरात जातो, आणि घरातल्या नेहमीच्या दिव्यांखाली शे-दोनशे लक्स. डोळ्यांना घरातलं नीट दिसतं म्हणून आपल्याला हा फरक कळतच नाही. त्यापुढे ३०० लक्स म्हणजे चिल्लर. या दिव्याचं काम तुम्हाला उठवणं, दिवसाची सुरुवात खऱ्या अर्थाने होते ती बाहेर पडल्यावर किंवा निदान खिडकीशी जाऊन उभं राहिल्यावर. मी उठल्यावर पाऊण तासाच्या आत बाहेर एक चक्कर मारते, फोन न घेता, आणि दिवसभराच्या तरतरीत जो फरक पडला त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय मी त्या चकरेला देईन, जी फुकट आहे. अजून एक, हिवाळ्यातल्या उदासीसाठी डॉक्टर जो लाइट थेरपीचा दिवा सांगतात तो १०,००० लक्सचा असतो आणि साधारण अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं असतं, ती वस्तूच वेगळी. ऑनलाइन बघताना दोन्ही एकाच यादीत दिसतात, गल्लत करू नका. बायपोलर आजार किंवा डोळ्यांचा काही त्रास असेल तर तो मोठा दिवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

यात एक सेटिंग आहे ज्यावर माझा राग आहे. वीकडेचा अलार्म वेगळा, वीकेंडचा वेगळा, आणि कंपनीने आधीच वीकेंडचा दोन तास उशिरा लावून दिलाय, जणू काही भेटच. माणसाचं आतलं घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा जरा लांब चालतं, १९९९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा सरासरी २४ तास ११ मिनिटं निघालं, म्हणजे रोज सकाळी उजेडाने त्याला थोडं मागे खेचावं लागतं. सुट्टीच्या दोन्ही दिवशी ते खेचणं राहिलं आणि वर दोन तास जास्त झोपलं की सोमवारी घड्याळ कुठल्या कुठे गेलेलं असतं. याला सोशल जेटलॅग असं नाव आहे, २००६ पासून हा शब्द वापरात आहे, विमानात न बसता जेटलॅग. मी दोन्ही अलार्म एकाच वेळेचे केले आणि सुट्टीत जास्तीत जास्त अर्धा-पाऊण तास सवलत. सोमवारची ती सुस्ती बरीच उतरली. म्हणजे काम केलं कोणी, दिव्याने की ठरलेल्या वेळेने? मला वाटतं वेळेने, पण दिवा नसता तर मी ती वेळ पाळली नसती हेही तितकंच खरंय.

पण म्हणून सगळ्यांनी पहाटे पाचला उठा वगैरे मी सांगणार नाही. १९३८ साली नॅथनिएल क्लाइटमन नावाचा झोपेचा अभ्यासक आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन अमेरिकेतल्या केंटकीच्या मॅमथ केव्ह नावाच्या गुहेत ३२ दिवस जाऊन राहिला, सूर्याचा उजेड नाही, तापमान कायम तेच, आणि दोघांनी २८ तासांचा दिवस पाळायचा प्रयत्न केला. विद्यार्थ्याचं शरीर त्या दिवसाशी जुळलं, क्लाइटमनचं काही केल्या जुळेना. एकच गुहा, एकच वेळापत्रक आणि दोन माणसांचे दोन निकाल. तेव्हा उठायची वेळ तुमच्या कामाला आणि तुमच्या शरीराला जमेल तीच लावा, फक्त रोज तीच ठेवा. (शरीराच्या घड्याळामागची जनुकं आणि त्यांचं चक्र शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, तेही माशांवरच्या कामासाठी, फळांवर घोंघावतात त्या बारीक माशा. त्यांना बिचाऱ्यांना वीकेंड नसतो.)

आता या दिव्याचा जो भाग कोणी विचारतच नाही आणि जो माझ्या मते पैसे वसूल करून देतो तो, सनसेट मोड. बटन दाबलं की दिवा पूर्ण उजेडापासून हळूहळू उतरायला लागतो आणि ६० मिनिटांत विझतो, वेळ कमी पण करता येते. पहिले काही दिवस मी वापरलाच नाही, वाटलं काय तो टाइमपास. मग एकदा खोलीतला मोठा दिवा बंद करून फक्त याच्यावर राहिले आणि लक्षात आलं की आपलं सकाळचं सगळं रडगाणं रात्रीच सुरू होतं. अकराला झोपायचं असेल तर दहाला बटन, आणि बटन दाबायच्या आधी लॅपटॉप बंद, असा मी नियम केला. 'लवकर झोपायचं' असं नुसतं ठरवून काही होत नाही, 'अमुक झालं की तमुक करायचं' असं बांधून ठेवलं की होतं, मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये याच मुद्द्यावर लेख लिहिलाय. माझ्यासाठी ते 'अमुक' म्हणजे हे बटन.

होतं काय की पहिली वीस मिनिटं भरपूर उजेड असतो, त्यात मी उद्याच्या कपड्यांचं, बॅगेचं बघते, मग कागदावर उद्याची कामं लिहिते, पाच मिनिटं, जास्त नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात याच गोष्टीचा छोटासा प्रयोग झाला होता, झोपायच्या आधी पाच मिनिटं उरलेल्या कामांची यादी लिहिणारे लोक झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकं लवकर. मी यादीत सगळ्यात वर सकाळचं पहिलं काम लिहिते आणि तेही 'रिपोर्ट' असं मोघम नाही तर 'रिपोर्टच्या तिसऱ्या पानावरचा तक्ता भरणे' असं. सकाळी बसल्यावर काय करायचं हे ठरवण्यातच जो अर्धा तास जायचा तो वाचला, प्रॉडक्टिव्हिटी म्हणाल तर ती इथे वाढली, आणि बॉक्सवर या मोडबद्दल बारीक अक्षरात एकच ओळ आहे! मग वाचन. साधारण चाळिसाव्या मिनिटाला उजेड इतका केशरी आणि कमी होतो की पुस्तकातली बारीक टाइपातली अक्षरं पानात मिसळायला लागतात, पुस्तक डोळ्यांजवळ ओढून एखादं पान रेटता येतं, मग नाही. तिथे पुस्तक आपोआप मिटतं. 'अजून एक पान' या वादात मी स्वतःशी रोज हरायचे, आता तो वादच होत नाही.

एक अडचण, आणि ती मोठी आहे, खोलीत दुसरं माणूस असेल तर दिवा दोघांनाही उठवतो. माझी धाकटी बहीण माझ्याच खोलीत झोपते, तिची शिफ्ट दुपारची, पहिल्या आठवड्यात रोज सकाळी पांघरुणातून आवाज यायचा, 'ताई, तुझा सूर्य मालव ना गं'. शेवटी तिने डोळ्यांवर पट्टी आणली आणि भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. रात्रीचा मोड मात्र तिलाही आवडतो. नवरा-बायकोच्या उठायच्या वेळा वेगळ्या असतील तर घ्यायच्या आधी बोलून घ्या.

दुपारसाठी यात २० मिनिटांचा नॅप मोड आहे, तो ठीक. दुपारची पेंग जेवणामुळे येते असं आपण धरून चालतो पण जेवण न करताही ती येते, शरीराच्या घड्याळातच तो उतार आहे, त्यामुळे त्या वेळेला डोक्याचं काम लावू नका, मेलची उत्तरं, फाइली लावणं असलं काहीतरी लावा. नॅप घेतलात तर २० मिनिटांच्या फार पुढे जाऊ नका नाहीतर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि संध्याकाळ जड जाते. आणि त्या पेंगेवर उतारा म्हणून उशिरा कॉफी घेत असाल तर हा दिवा काय कुठलाच दिवा मदत करणार नाही, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या डोसनेही, ४०० मिलिग्रॅम, झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. माझी शेवटची कॉफी दुपारी दोनच्या आत.

फोकस टायमर म्हणून २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेकवालं पोमोडोरो पण दिलंय. ती पद्धत चांगलीच आहे, फ्रान्चेस्को सिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केली होती, पण उशीजवळच्या दिव्यात कामाचा टायमर कशाला? पलंगावर बसून काम करू का? वापरला नाही, वापरणारही नाही.

आणि आता अ‍ॅप. देवा रे. दिवा घरात लावायला लोकेशनची परमिशन कशाला हवी ते मला अजून कळलेलं नाही. अकाउंट काढल्याशिवाय अलार्मची वेळसुद्धा बदलता येत नाही अशी पहिली समजूत होते, खरंतर दिव्याच्या पाठीवरच्या बटनांनी सगळं होतं पण ते मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर आहे. रात्री दहाला 'झोपायची वेळ झाली' असं नोटिफिकेशन येतं, फोनवर, म्हणजे ते बघायला फोन उचलायचा आणि मग पुढचं तुम्हाला माहितीच आहे. पण सगळ्यात डोक्यात जातो तो स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस पाळलं त्याची मोजणी. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर, वर रडका इमोजी. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला, त्यात एखादी कृती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवस आला, पण रेंज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत, आणि मुख्य म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नव्हता. मग २१ दिवस आले कुठून आणि शून्य कशासाठी? माझी एक मैत्रीण तापात दोन दिवस झोपून होती, बरी झाल्यावर अ‍ॅप उघडलं तर शून्य, तिने दिवाच कपाटात टाकला. स्ट्रीकचा उपयोग कंपनीला आहे, अ‍ॅप उघडत राहावं म्हणून. मी अ‍ॅप काढून टाकलं.

बाकी बनावटीचं पटकन सांगते. बटनं टचवाली आहेत, अंधारात चाचपडताना हात कुठेही लागतो आणि सनसेटऐवजी रेडिओ सुरू होतो, घरातले उठतात. डिस्प्लेचा उजेड सगळ्यात कमी केला तरी आकडे छतावर उमटतात, झोपेसाठीच्या वस्तूत हे म्हणजे कमालच, मी काळी चिकटपट्टी लावलीय. पक्ष्यांचा आवाज गोड आहे पण तेच रेकॉर्डिंग फिरून फिरून लागतं आणि जोडाच्या जागी बारीक 'टक' येतो, एकदा ऐकू आला की मग रोज ऐकू येतो. वीज गेली तर वेळ लक्षात राहायला आत छोटा सेल घालावा लागतो, तो सोबत देत नाहीत, आणि तो असला तरी वीज नसताना दिवा पेटत नाहीच, फक्त घड्याळ चालू राहतं. महत्त्वाच्या दिवशी दुसरा अलार्म लावाच. अ‍ॅडॅप्टरची वायर आखूड. डिस्प्लेबद्दल कंपनीला लिहिलं तर 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असा छापील मेल आला.

घ्यावा कोणी? उजाडायच्या आधी उठावं लागतं किंवा खोलीत सकाळचा उजेड येतच नाही अशांनी. पूर्वेची खिडकी असेल आणि ऊन पडल्यावर उठलं तरी चालत असेल तर पडदा थोडा उघडा ठेवा, काम झालं. घेताना चार गोष्टी बघा: डिस्प्ले पूर्ण बंद होतो का, बटनं दाबायची आहेत का, अ‍ॅपशिवाय सगळं चालतं का आणि सनसेट मोड तासाभराचा आहे का. रेडिओ, रंगीबेरंगी लाइट, फोन चार्जिंगची जागा यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, चार्जिंगची जागा तर नकोच, फोन उशाशी आणायचं ते आमंत्रण आहे.

माझ्याकडून सकाळसाठी पाचपैकी साडेतीन, रात्रीसाठी साडेचार, अ‍ॅपला एक, तोही ते डिलीट पटकन होतं म्हणून.